लॅब्राडोर टी: उत्तरेच्या दलदलीतला सुगंधी पाला कसा ओळखावा, किती घ्यावा, कधी टाळावा

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या थंडर बे येथे राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरमध्ये मला खोकल्याने गाठले. कामावरच्या एका मैत्रिणीने कागदी पिशवीत दोन मुठी वाळलेली पाने आणून दिली आणि याचा चहा घे, घशाला बरे वाटेल, एवढेच सांगितले. पिशवी उघडताच कापूर, राळ आणि ओले लाकूड एकत्र यावे तसा वास आला. खोकल्यावर घरी लहानपणापासून जे होताना पाहिले तेच मी केले: निम्मी पिशवी पातेल्यात रिकामी केली, आले ठेचून घातले, चार कप पाणी ओतले आणि मंद आचेवर एक कप उरेपर्यंत आटवले. तो तपकिरी, कडवट काढा गूळ घालून एका दमात प्यायले. पाऊण तासाने तोंडाला पाणी सुटू लागले, घाम फुटला, उभी राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती रात्र मी न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला टेकून काढली.

सकाळी सगळे निवळले. मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती आधी घाबरली आणि मग म्हणाली की तिच्या घरी तेवढी पाने महिनाभर पुरतात. तिने चहा सांगितला होता. काढा मी माझ्या मनाने केला. त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी ही वनस्पती ओळखायला, खुडायला आणि बेताने वापरायला शिकले. दर वर्षी इथे नव्याने येणारे मराठी विद्यार्थी आणि कुटुंबे मला याविषयी विचारतात, म्हणून सगळे एकदा क्रमाने लिहून ठेवत आहे. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचा सल्ला देणे हा या लेखाचा हेतू नाही.

१. नाव कोणत्या झाडाचे, ते आधी नक्की करा

'लॅब्राडोर टी' या नावात चहा असला तरी चहाच्या झाडाशी तिचे काही नाते नाही आणि तिच्यात कॅफीनही नसते. ती ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली आहे. जुन्या पुस्तकांत ती 'लेडम' या वेगळ्या प्रजातीनामाखाली आढळते. १९९० च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञांनी लेडमचा समावेश ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये केला, त्यामुळे एकाच झाडाची दोन शास्त्रीय नावे वाचून गोंधळू नये. या लेखात जिच्याविषयी लिहिले आहे ती ऱ्होडोडेंड्रॉन ग्रोनलँडिकम, म्हणजे कॅनडाच्या बहुतेक सर्व प्रांतांत, अलास्कात, ग्रीनलंडमध्ये आणि अमेरिकेच्या उत्तर सीमेलगतच्या राज्यांत दलदलीच्या जागी वाढणारे, साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंचीचे सदाहरित झुडूप.

तिच्या दोन बहिणी मात्र वेगळ्या वागणुकीच्या आहेत. पहिली, अरुंद पानांची ऱ्होडोडेंड्रॉन टोमेंटोसम, ही उत्तर युरोप आणि सायबेरियात वाढते, आणि तिचेच अगदी जवळचे बुटके रूप कॅनडाच्या आर्क्टिक पट्ट्यात आढळते. फिनलंडमध्ये तिला सुओपुर्सू आणि स्वीडनमध्ये स्क्वात्राम म्हणतात. तिच्या तेलात लेडॉल नावाचे द्रव्य बरेच असते आणि तिकडे ती विषारी वनस्पती म्हणूनच ओळखली जाते. दुसरी, ऱ्होडोडेंड्रॉन कोलंबियानम, ही रॉकी पर्वताच्या आणि त्याच्या पश्चिमेच्या भागात मिळते. ती खाऊन मेंढ्या दगावल्याची नोंद पशुपालकांकडे जुनी आहे. तेव्हा हेलसिंकीत किंवा कॅलगरीत राहणाऱ्या वाचकांनी हा लेख वाचून तिथल्या झुडपाची पाने खुडू नयेत. तिकडचे झाड वेगळे असू शकते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना 'लेडम' हे नाव होमिओपॅथीच्या दुकानातून ओळखीचे असेल. कीटक चावल्यावर किंवा पायात खिळा गेल्यावर अनेक घरांत ज्या 'लेडम पाल'च्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या जातात, त्यांचे नाव याच युरोपीय बहिणीवरून आले आहे. त्या गोळ्यांत मूळ वनस्पतीचा अंश अतिशय विरळ केलेला असतो. गोळ्यांनी कधी त्रास झाला नाही म्हणून पाल्यानेही होणार नाही, असे गणित मला एका काकूंनी फोनवर मांडून दाखवले होते. ते चुकीचे आहे. उत्तराखंडात बुरांशाच्या फुलांचे सरबत लोक आवडीने पितात, आणि बुरांशही ऱ्होडोडेंड्रॉनच आहे, हा युक्तिवादही त्याच जातीचा: कुळ एक असले तरी प्रत्येक झाडाचे, आणि झाडाच्या प्रत्येक भागाचे, रसायन वेगळे असते.

२. परंपरा कोणाची आहे, हे जाणून घ्या

हा पाला वापरण्याचे ज्ञान इथल्या मूळ रहिवाशांचे आहे. क्री भाषेत दलदलीला मस्केक म्हणतात. त्यावरूनच 'मस्केग' हा शब्द कॅनडाच्या इंग्रजीत आला आणि या पेयाला अनेक जण आजही 'मस्केग टी' म्हणतात. ओजिब्वे भाषेतले मश्कीगोबाग हे नावही असेच, दलदलीचे पान. क्री, ओजिब्वे, डेने, इनुइट अशा अनेक समाजांत सर्दी, खोकला, छातीतला कफ आणि पोटाच्या तक्रारी यांसाठी पानांचे पेय घेतले जाते. बाहेरून वापरण्याची परंपराही तेवढीच मोठी आहे: खाज आणि त्वचेच्या विकारांवर पानांच्या पाण्याने धुणे, भाजलेल्या जागी पानांची पूड चरबीत कालवून लावणे. युरोपात वरच्या अरुंद पानांच्या बहिणीच्या फांद्या कपड्यांत कसर लागू नये म्हणून ठेवत आणि जुन्या काळी ती बिअरमध्येही घालत.

फर व्यापाराच्या काळात चीनचा चहा संपला की गोरे व्यापारी आणि वल्हेकरी याच पाल्यावर भागवत. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिन यांच्या उत्तर कॅनडातल्या १८१९ ते १८२२ च्या मोहिमेत, परतीच्या वाटेवर उपासमार सुरू झाली तेव्हा, खडकावरचे शेवाळासारखे दगडफूल, जुन्या चामड्याचे भाजलेले तुकडे आणि या पानांचे पाणी यांवर माणसांनी दिवस काढले. वीस जणांपैकी अकरा जण त्या मोहिमेत मेले. गरम पाण्याने धीर येतो, पोट भरत नाही.

अलीकडच्या काळातली एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी, कारण ती अर्धवट स्वरूपात व्हॉट्सॲपवर फिरत असते. क्वेबेकमधील जेम्स बे भागातल्या क्री समाजातील ज्येष्ठ आणि विद्यापीठांतील संशोधक यांनी मिळून मधुमेहाच्या लक्षणांसाठी परंपरेने वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास केला आणि त्यांत लॅब्राडोर टीचा समावेश होता. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत इन्सुलिनच्या कार्याला मदत होत असल्याचे आशादायक निष्कर्ष निघाले. पेशी आणि उंदीर यांच्यापासून आपल्या वडिलांच्या शुगरपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. मेटफॉर्मिन बंद करून हा चहा सुरू करावा, असे त्या संशोधनात कुठेही म्हटलेले नाही.

३. घ्यायचा की नाही, हे खुडण्याआधी ठरवा

बहुतेक लेखांत पथ्ये शेवटी येतात. मी ती इथे घेते, कारण घरात पिशवी आली की मोह आवरत नाही.

या झुडपात चिंता करण्याजोगी दोन प्रकारची द्रव्ये मानली जातात. एक लेडॉल, जे सुगंधी तेलात असते आणि जास्त प्रमाणात गेल्यास मळमळ, भोवळ, पेटके, भ्रम अशी लक्षणे निर्माण करते. दुसरा गट ग्रेयानोटॉक्सिनांचा, जो ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळात ठिकठिकाणी आढळतो. तुर्कस्तानातील आणि नेपाळमधील प्रसिद्ध 'वेडा मध' ज्यामुळे बाधतो तेच हे विष. मज्जातंतू आणि हृदयाच्या पेशींमधले सोडियमचे मार्ग ते नीट बंद होऊ देत नाही. परिणामी लाळ सुटते, घाम येतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो आणि नाडी मंदावते. ग्रोनलँडिकममध्ये ही द्रव्ये तिच्या बहिणींपेक्षा कमी असतात असे मानले जाते, आणि फिकट चहा पिणारी माणसे पिढ्यानपिढ्या ठणठणीत आहेत, पण जागा, ऋतू आणि पानाचे वय यांप्रमाणे प्रमाण बदलते व ते घरी मोजण्याचा कोणताही मार्ग नाही.

म्हणून पुढील व्यक्तींनी हा चहा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, रक्तदाब कमी असणारे किंवा रक्तदाबाच्या, हृदयाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेहाची औषधे सुरू असलेले, यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत या वनस्पतीचा अर्क शरीरात औषधांचे विघटन करणाऱ्या काही एन्झाइमांना अडवताना दिसला आहे, त्यामुळे रोज कोणतीही गोळी घेत असाल तर आधी फार्मासिस्टशी बोला. इथला फार्मासिस्ट असा सल्ला पैसे न घेता देतो आणि प्रश्न ऐकून हसत नाही. नवीन माणसाला ही सोय बहुधा माहीत नसते.

४. परवानगी आणि सामान

जंगल दिसले की ते सर्वांचे, असे इथे नाही. राष्ट्रीय उद्यानांत वनस्पती तोडण्यास मनाई आहे. ओंटारियोच्या प्रांतिक उद्यानांतही तीच गत, म्हणजे आमच्या जवळच्या स्लीपिंग जायंट उद्यानात ही झुडपे कितीही मुबलक दिसली तरी ती पाहण्यासाठी आहेत. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मूळ रहिवासी समाजांच्या, राखीव जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नये. खासगी जमिनीवर मालकाला विचारावे. उरते ती सरकारी क्राऊन लँड; तिथे घरगुती वापरापुरती खुडणी साधारणपणे चालते, मात्र विक्रीसाठी खुडणे हा पूर्ण वेगळा विषय आहे. कोणती जमीन कोणाची, हे प्रांताच्या सरकारी नकाशावर आधी पाहता येते. थंडर बेचा परिसर १८५० च्या रॉबिन्सन-सुपीरियर कराराच्या क्षेत्रात येतो आणि इथे खुडण्याचा पहिला हक्क अनिशिनाबे या मूळ रहिवासी लोकांचा आहे, ही जाणीव ठेवूनच जावे.

जमीन योग्य असली तरी जागा योग्य असेलच असे नाही. रस्त्याच्या कडेला मीठ आणि धूर, रेल्वेच्या रुळांलगत आणि विजेच्या तारांखाली तणनाशक, जुन्या खाणींच्या खाली जड धातू. ओंटारियोत लाकूडतोड झालेल्या जंगलात नवी रोपे वाढावीत म्हणून तणनाशकाची फवारणी होते आणि तशा पाट्या लावलेल्या असतात. पाटी दिसल्यास परत फिरावे. (क्वेबेकने सरकारी जंगलांत ही फवारणी २००१ पासून बंद केली आहे.)

बरोबर घ्यायचे सामान फार नाही: गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, काठी, कागदी पिशव्या, छोटे भिंग, या भागातील वनस्पतींचे चित्रांसह एखादे पुस्तक, आधीच उतरवून ठेवलेला नकाशा, शिट्टी आणि अस्वलासाठीचा फवारा. जूनमध्ये गेल्यास डोक्यावरून घ्यायची जाळी, कारण तेव्हाच्या काळ्या माश्या कानामागे चावतात आणि ती गाठ आठवडाभर उतरत नाही. प्लॅस्टिकची पिशवी मात्र नेऊ नये; पाने तिच्यात तासाभरात घामेजतात. एकट्याने जाऊ नये. मस्केगची जमीन म्हणजे पाण्यावर पसरलेली स्फॅग्नम शेवाळाची गादी असते, ती पायाखाली हलते, आणि एखाद्या ठिकाणी पाय मांडीपर्यंत आत जातो.

५. पान ओळखणे: या पायरीवर घाई नको

काळ्या स्प्रूसची खुरटी, वरच्या टोकाला झुबका असलेली झाडे आणि त्यांच्या बुडाशी शेवाळ दिसू लागले की झुडूप जवळच असते. आता एक फांदी हातात धरा आणि पान न तोडता पुढील तीन गोष्टी पाहा.

पहिली, पाने फांदीवर एकाआड एक लागलेली असतात; एकाच पेरावर समोरासमोर जोडी नसते. दुसरी, पानाच्या दोन्ही कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतात, निखाऱ्यावर पापडाची कड वळावी तशा. पान दोन ते सहा सेंटिमीटर लांब, जाडसर, चामड्यासारखे, वरून गडद हिरवे आणि किंचित सुरकुतलेले असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पान उलटे केल्यावर खालच्या अंगाला गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची दाट लव दिसते. तिच्यावरून नख फिरवा: लव लोकरीसारखी गोळा होते आणि नखाच्या टोकाशी तांबूस कापूस उरतो. कोवळ्या फांदीच्या देठावरही तीच लव असते. मग पान चुरगळून वास घ्या. वास मात्र शेवटी घ्यावा, कारण एकदा बोटांना लागला की पुढच्या प्रत्येक पानाला तोच वास येतो, आणि भलते पानही बरोबर वाटू लागते.

तिन्ही खुणा एकाच फांदीवर हव्यात. दोन जुळल्या म्हणून तिसरी गृहीत धरू नये.

आता तिच्या शेजारणी. या सगळ्या त्याच शेवाळात, कधी कधी त्याच झुडपात घुसून वाढतात, आणि म्हणूनच धोका आहे. बॉग लॉरेल हिची पानेही अरुंद आणि कडा वळलेली, पण ती समोरासमोर जोडीने लागतात, खालून पांढरट असतात आणि फुले गुलाबी, उघड्या बशीसारखी असतात. ही निश्चित विषारी आहे. बॉग रोझमेरी हिची पाने एकाआड एक आणि कडा वळलेली असल्यामुळे ती अधिक फसवते. पण रंग निळसर हिरवा, पान सुईकडे झुकणारे, खालून मेणचट पांढरे, लव नाही. हीदेखील विषारी. लेदरलीफ हिची पाने एकाआड एक, पण कडा सपाट आणि अंगावर बारीक खवले. पांढऱ्या घंटांची एकच रांग फांदीवर ओळीने लटकते. पूर्वेकडे, क्वेबेक आणि न्यूफाउंडलंडच्या बाजूला, शीप लॉरेलची भर पडते, जिची पाने तीन-तीनच्या वेढ्यात असतात.

लॅब्राडोर टीच्या या वर्षीच्या कोवळ्या पानाची खालची लव सुरुवातीला पांढरट असते आणि पुढे तांबूस होते, हे नवख्याला कोणी सांगत नाही. म्हणजे जून-जुलैत तुम्ही फक्त शेंड्याची पाने पाहिलीत तर बॉग रोझमेरी आणि ही यांतला मुख्य फरकच पुसट होतो. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी खुडलेली पिशवी एका अनिशिनाबे आजींना मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी ती वर्तमानपत्रावर ओतली, चष्मा लावला आणि एकही शब्द न बोलता पाने दोन ढिगांत लावायला सुरुवात केली. छोट्या ढिगात सतरा पाने निघाली, सगळी खालून पांढरी. मग त्यांनी दोन्ही ढीग एकत्र करून चुलीत टाकले, कारण वाळल्यावर चुऱ्यात काय राहिले ते कोणालाच कळले नसते. तेव्हापासून मी खालून पूर्ण तांबूस झालेले, गेल्या वर्षीचे पानच खुडते आणि प्रत्येक पान उलटून पाहूनच पिशवीत टाकते. वेळ लागतो.

फुले आली असतील तर ओळख सोपी होते: जूनच्या सुमारास फांदीच्या टोकाला पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचा गोल गुच्छ येतो. फुले गळाल्यावर खाली वाकलेल्या देठांवर छोट्या सुक्या बोंडांचा झुपका पुढच्या वर्षापर्यंत टिकतो, आणि हिवाळ्यात बर्फातून वर आलेली फांदी त्यावरून ओळखता येते. उत्तरेला, यलोनाइफच्या पलीकडे बदली झाली, तर एक सावधगिरी लक्षात ठेवावी: अरुंद पानांच्या बहिणीलाही हीच तांबूस लव असते, त्यामुळे वरच्या तीन खुणा तिथे पुरेशा ठरत नाहीत. तिथल्या जाणत्या माणसाबरोबर गेल्याशिवाय हात लावू नये.

६. खुडणे

झुडूप सावकाश वाढते. एका फांदीवरून दोन-तीन पाने, एका झुडपावरून मूठभरापेक्षा कमी, आणि मग दहा पावले पुढे, हा नियम मी पाळते. फांदी मोडू नये, शेंडा खुडू नये, मुळासकट तर कधीच उपटू नये. मी ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात जाते, कारण माश्या गेलेल्या असतात आणि पाने पक्व झालेली असतात. काही घरांत वसंतात, फुलण्याआधी खुडण्याची रीत आहे. इथले लोक खुडण्याआधी चिमूटभर तंबाखू जमिनीवर ठेवतात. ती त्यांची रीत आहे. मी तिची नक्कल करत नाही, पण शांत उभी राहते. वर्षभरासाठी एका माणसाला जॅमच्या एका लहान बरणीइतका पाला पुष्कळ होतो.

७. वाळवणे

घरी आल्यावर पाने पांढऱ्या कापडावर पसरून पुन्हा एकदा, एकेक उलटून, निवडावीत. तांदूळ निवडण्याची सवय इथे उपयोगी पडते. मग सावलीत, हवेशीर जागी आठवडा-दोन आठवडे ठेवावीत. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवू नयेत. पान वाकवल्यावर कडकन मोडले की ते काचेच्या बरणीत भरावे आणि वर वनस्पतीचे नाव, जागा व तारीख लिहावी. चुरा करून ठेवू नये, म्हणजे संशय आल्यास पान पाहता येते. बरणी मसाल्यांच्या रांगेत ठेवू नये. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी ती पाने तमालपत्राचा छोटा प्रकार समजून मसालेभाताच्या फोडणीत टाकली होती.

८. चहा करा, काढा नको

मराठी माणसाला हा पाला बाधतो तो बहुधा इथे. आपल्या हाताला दोन सवयी आहेत आणि दोन्ही या पाल्याला चालत नाहीत. पहिली सवय काढ्याची: औषध म्हटले की ते उकळून, आटवून, अष्टमांश उरवायचे, आणि जितके कडू तितके गुणकारी मानायचे. अडुळसा, गवती चहा, तुळस यांच्याबाबत ती सवय निभावून जाते. इथे जास्त पाला, जास्त उष्णता आणि जास्त वेळ यांनी, पाण्यात उतरू नये तेच अधिक उतरते, आणि आटवल्याने ते सगळे एका कपात गोळा होते. दुसरी सवय चहाची: भुकटी, दूध, साखर, आले घालून खळखळ उकळी. दुधाने आणि आल्याने चव झाकली जाते, आणि प्रमाण जास्त झाल्याची कडवटपणाची पहिली सूचनाच मिळत नाही.

मी आता करते ती पद्धत अशी. एक कप पाणी उकळून गॅस बंद करावा आणि एक मिनिट थांबावे. एक लहान चमचा सपाट भरून वाळलेली पाने, म्हणजे साधारण सहा-सात पाने, पाण्यात टाकून वर बशी झाकावी. पाच मिनिटांनी दुमडलेल्या पातळ कापडातून गाळून घ्यावे. साध्या गाळणीतून पानांची लव खाली येते आणि घशात खवखवते. रंग फिकट सोनेरी हवा. गर्द तांबडा झाला असेल तर तो कप सिंकमध्ये ओतून द्यावा आणि पुढच्या वेळी पाने कमी करावीत. तीच पाने परत उकळू नयेत. चवीला मध चालतो.

पहिल्यांदा घेताना अर्धाच कप घ्यावा, दिवसा घ्यावा, घरात कोणी सोबत असताना घ्यावा, आणि त्यानंतर दोन-तीन तास गाडी चालवू नये. काही त्रास झाला नाही तरी दिवसाला एक कप ही मर्यादा ओलांडू नये, आणि तोही सलग रोज घेऊ नये. मी हिवाळ्यात आठवड्यातून एक-दोनदाच घेते. मद्याबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर मुळीच नाही. खोकला तीन आठवड्यांवर गेला, ताप आला, धाप लागली, तर चहा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

इथल्या काही घरांत केटलमध्ये पाने उकळताना मी स्वतः पाहिले आहे, आणि कोणाला काही झाले नाही. त्या घरांतल्या बाईला कोणत्या जागेच्या पाल्याला किती पाणी लागते हे आईकडून कळलेले असते, आणि केटल चांगली दोन-तीन लिटरची असते. आपल्याकडे ते ज्ञान नाही, म्हणून आपण चमचा मोजावा.

याच पाल्याचे सुगंधी तेल छोट्या बाटल्यांत महाग मिळते. ते पोटात घेण्यासाठी नाही. पानातला तेलाचा अंश किती थोडा असतो आणि बाटलीत तो किती दाटलेला असतो, याचा विचार केल्यास कारण सांगण्याची गरज उरत नाही. उघड्या जखमेवर किंवा भाजल्यावर घरी केलेली पूड लावणेही टाळावे. परंपरेत ते आहे, पण भाजलेल्या जागेवर आज तुमच्यापाशी वाहते थंड पाणी आणि दवाखाना दोन्ही आहेत.

९. त्रास झालाच तर

मळमळ, लाळ सुटणे, घाम, ओठ किंवा बोटे बधिर होणे, भोवळ, दृष्टी धूसर होणे, नाडी मंद लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास पेय लगेच थांबवावे आणि आडवे व्हावे. लक्षणे काही मिनिटांत दिसू शकतात, दोन-तीन तासांनीही दिसू शकतात. बोटे घालून ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पिऊ नये. कॅनडात विषबाधा मदत केंद्राचा क्रमांक १-८४४-७६४-७६६९ हा आहे, क्वेबेकमध्ये १-८००-४६३-५०६०. दोन्ही चोवीस तास चालू असतात. माणूस बेशुद्ध पडला, झटके आले, छातीत दुखले किंवा श्वास अडकला, तर थेट ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा. उरलेली पाने, शक्य असल्यास अख्खी, बरोबर न्यावीत आणि किती घेतले ते खरे सांगावे. मी त्या रात्री फोन केला नाही, कारण काढ्याने काय होणार अशी समजूत होती आणि इंग्रजीत लक्षणे सांगण्याचा संकोचही होता. या क्रमांकांवर दुभाष्याची मदत मागता येते, आणि विद्यार्थी म्हणून व्हिसावर असलात तरी फोन केल्याने तुमचे काही बिघडत नाही.

१०. विकत घेताना आणि गावी पाठवताना

खुडण्याची जोखीम नको असेल तर पाकीट विकत घ्यावे. पाकिटावर शास्त्रीय नाव ग्रोनलँडिकम असे पूर्ण छापलेले असावे, खुडणीचा प्रदेश दिलेला असावा, आणि शक्य असल्यास ते मूळ रहिवाशांच्या संस्थेकडून किंवा सहकारी गटाकडून आलेले असावे, म्हणजे पैसे ज्ञान ज्यांचे त्यांच्याकडे जातात. नुसते 'लॅब्राडोर टी' किंवा 'लेडम' एवढेच लिहिलेला ऑनलाइन माल घेऊ नये, कारण तो कोणत्या बहिणीचा आहे हे त्यावरून ठरत नाही.

दिवाळीला घरी जाताना आईसाठी एक पुडी सामानात टाकण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. भारतात वनस्पतींच्या आयातीवर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम लागू आहेत आणि स्वतः खुडलेला, कागदपत्रे नसलेला पाला विमानतळावर काढून घेतला जाऊ शकतो. त्याहून मोठी अडचण घरी आहे: आई तो पाला पातेल्यात घालून, आले ठेचून, मंद आचेवर आटवणार, आणि तिला रक्तदाबाची गोळी सुरू असणार. मी मॅपल सिरपची बाटली नेते.